२^१२७ − १ ही मूळ संख्या आहे हे स्वतः सिद्ध करताना : प्रकल्प नोंदी

१२ जून २०२५

या नोंदींमध्ये ^ हे चिन्ह घातांकासाठी वापरले आहे आणि २^प − १ या संख्येला थोडक्यात म(प) असे म्हटले आहे. प्रकल्पाची संख्या म(१२७) आहे. ती पूर्ण लिहिली तर अशी दिसते : १७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७, म्हणजे ३९ अंकी. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने १८७६ मध्ये ती मूळ असल्याचे दाखवले, आणि १९५१ पर्यंत तिच्यापेक्षा मोठी मूळ संख्या कोणालाही माहीत नव्हती. यंत्राच्या मदतीशिवाय सिद्ध झालेली इतकी मोठी मूळ संख्या दुसरी नाही.

काम असे ठरवले आहे की शेवटी हाती केवळ ‘संगणक हो म्हणतो’ एवढे उत्तर राहू नये. दुसऱ्या कोणालाही माझा प्रोग्राम न वापरता तपासता येईल असा लेखी पुरावा तयार व्हावा. म्हणून दोन स्वतंत्र मार्ग घेतले आहेत : ल्युका–लेहमर कसोटी (ती २८ जूनच्या नोंदीत येते) आणि, तपासायच्या संख्येला न म्हटले तर, न − १ च्या अवयवांवरचे प्रमाणपत्र, म्हणजे कोणालाही पडताळता येणारी छोटी लेखी सिद्धता. खर्च म्हणजे दोनशे पानी वही आणि थोडी छपाई. लॅपटॉप जुनाच आहे आणि सॉफ्टवेअर सगळे फुकट मिळणारे आहे.

१४ जून

सर्वांत आधी संख्या बरोबर उतरवली आहे ना, ते तपासले, कारण ३९ अंकांत एक अंक चुकला तरी पुढचे सगळे काम वेगळ्याच संख्येवर होते. २ चे घात ९ ने भागले की बाक्या सहाच्या फेऱ्यात फिरतात. १२७ ला ६ ने भागून १ उरतो, त्यामुळे २^१२७ ची बाकी २ आणि म(१२७) ची बाकी १ यायला हवी. वरच्या अंकांची बेरीज १५४ आहे आणि तिला ९ ने भागल्यावर बाकी १ उरते. मात्र नवाची ही रीत शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल पकडत नाही, आणि हाताने उतरवताना तीही चूक सहज होते. म्हणून ११ ची कसोटीही लावली. उजवीकडून एकाआड एक अंकांच्या बेरजा ८० आणि ७४ येतात, फरक ६ आहे, आणि २^१२७ − १ ला ११ ने भागल्यावर बाकी ६ च राहते. या दोन्ही रिती पुढे कागदावरच्या प्रत्येक पायरीला लावल्या. त्यामुळे वेळ सुमारे तिपटीने वाढतो, पण एक चुकलेली बाकी पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया घालवते, हे पाहता तो वेळ सार्थकी लागतो.

१५ जून

स्प्रेडशीटचा मार्ग पहिल्याच तासात सोडावा लागला. ती १५ अंकांपुढे शून्ये दाखवते, आणि आत संख्या ५३ बिटांतच (बिट म्हणजे ० किंवा १ हा दुहेरी पद्धतीतला एक अंक) साठवत असल्यामुळे तिच्या दृष्टीने २^१२७ आणि २^१२७ − १ या दोन्ही एकच आहेत. ज्या साधनात १ वजा केल्याचा पत्ताच लागत नाही, त्यात या संख्येचा विचार करता येत नाही. हा प्रयोग इतर कोणी करू पाहत असेल तर तो वेळ वाचवावा.

१९ जून

सरळ भागाकाराचा हिशेब मांडून पाहिला. म(१२७) चा कोणताही मूळ भाजक २५४क + १ या रूपाचाच असतो (क ही पूर्ण संख्या), आणि त्याला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ यावी लागते. म्हणजे क ला ४ ने भागल्यावर बाकी ० किंवा १ असेल तेवढेच भाजक तपासायचे. वर्गमूळ सुमारे १.३ × १०^१९ आहे, त्यामुळे उरलेले उमेदवार २५७ कोटी कोटी होतात. सेकंदाला एक कोटी तपासले तरी ८१ वर्षे लागतील. संख्येच्या रूपाचा एवढा फायदा घेऊनही हा मार्ग बंदच राहतो.

तरीही भागाकाराचा छोटा प्रोग्राम लिहून ठेवला, कारण लहान घातांकांच्या संयुक्त संख्या ओळखायला तो उपयोगी पडतो. म(११) ला २३ ने, म(२३) ला ४७ ने, म(३७) ला २२३ ने भाग जातो, आणि हे सगळे क्षणात मिळते. म(१०१) मात्र अडकते. तिचा सर्वांत लहान भाजक ७४३२३३९२०८७१९ आहे आणि तिथे पोहोचेपर्यंत सेकंदाला एक कोटीच्या वेगानेही सुमारे अर्धा तास जातो.

२२ जून

संख्या मूळ आहे का हे पाहण्याची सर्वांत सोपी चाचणी फर्माची. पाया अ घ्यायचा, अ चा न − १ वा घात काढायचा, आणि त्याला न ने भागून बाकी १ आली नाही तर न संयुक्त ठरते. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत हे एका ओळीत होते आणि पाया २ घेतल्यावर म(१२७) साठी बाकी १ आली. पण तोच प्रयोग म(११) वर, म्हणजे २०४७ वर केला, तर तिथेही बाकी १ आली, आणि २०४७ तर २३ × ८९ आहे.

कारण शोधल्यावर स्पष्ट झाले की हा योगायोग नाही. २^प ला म(प) ने भागल्यावर बाकी १ च राहते, आणि प मूळ असेल तर म(प) − १ ला प ने नेहमीच भाग जातो. म्हणून पाया २ घेतला की प्रत्येक म(प) ही चाचणी उत्तीर्ण होते, मूळ असो वा संयुक्त. या कुटुंबातील संख्यांसाठी २ हा पाया काहीही सांगत नाही. सुरुवातीला २ च घेण्याची सवय सर्वांनाच असते, त्यामुळे हे ठळकपणे नोंदवतो. पाया ३ घेतल्यास २०४७ पकडली जाते, पण त्यानेही म(१२७) बद्दल केवळ खात्री वाढते, सिद्धता मिळत नाही.

२८ जून

ल्युका–लेहमर कसोटी कागदावर केली. तिचे रूप अगदी आटोपशीर आहे : ४ पासून सुरुवात करायची, प्रत्येक वेळी वर्ग करून २ वजा करायचे, म(प) ने भागून बाकी ठेवायची; प ही विषम मूळ संख्या असेल तर सुरुवातीच्या ४ नंतर प − २ पायऱ्यांनी बाकी ० आली तरच म(प) मूळ. ल्युकाने या मार्गाचा पाया घातला आणि डेरिक लेहमरने १९३० मध्ये त्याला आजचे सोपे रूप आणि चोख सिद्धता दिली.

प = ७ साठी बाक्या : ४, १४, ६७, ४२, १११, ०.

प = ११ साठी : ४, १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवट शून्य नाही, म्हणून २०४७ संयुक्त. ती २३ × ८९ आहे हे या ओळीतून कुठेही कळत नाही. भाजक न सापडताही संख्या संयुक्त असल्याचे ही कसोटी सिद्ध करते.

प = १३ साठी : ४, १४, १९४, ४८७०, ३९५३, ५९७०, १८५७, ३६, १२९४, ३४७०, १२८, ०. शेवटून दुसरी बाकी १२८, म्हणजे २^७ आहे. हे अपेक्षितच आहे, कारण त्या बाकीचा वर्ग २ यायला हवा आणि म(प) च्या जगात २ आणि २^(प+१) एकच आहेत. म्हणून शून्याच्या आधी नेहमी २ चा (प+१)/२ वा घात किंवा त्याची ऋण संख्या येते. प = ७ मध्ये १११ आले तेही १२७ − १६ आहे. कागदावर काम करणाऱ्याला हा एक फुकटचा पडताळा मिळतो.

म(१२७) साठी अशा १२५ पायऱ्या आहेत. दशमान पद्धतीने ३९ अंकी संख्येच्या एका वर्गाला, सारखे गुणाकार एकदाच केले तरी, ७८० एकेरी गुणाकार लागतात. १२५ वर्गांना ९७,५००, आणि त्यावर प्रत्येक वेळी भागाकार वेगळा. प = १३ ला एक संध्याकाळ लागल्यावर ल्युकाच्या कामाबद्दलचा आदर नुसत्या वाचनाने वाढला नसता तेवढा वाढला. कागद इथेच थांबवला.

६ जुलै

सी भाषेतला प्रोग्राम सुरू केला. पायथनमध्ये मोठ्या संख्या तयार मिळतात, पण आकडेमोड स्वतःची हवी होती, म्हणजे पायथनचे उत्तर नंतर स्वतंत्र साक्षीदार म्हणून वापरता येईल.

म(प) ने भागण्यासाठी भागाकार करावाच लागत नाही. संख्येचे खालचे प बिट आणि वरचे उरलेले बिट यांची बेरीज केली की बाकी तीच राहते; गरज पडली तर ही घडी आणखी एकदा घालायची. पण पहिल्या आवृत्तीने ७ सकट सगळ्याच घातांकांना ‘संयुक्त’ म्हटले. प = ७ ची शेवटची पायरी हाताने चालवल्यावर कारण दिसले. १११ चा वर्ग १२३२१, त्यातून २ वजा केले की १२३१९, आणि १२३१९ = ९६ × १२८ + ३१. घडी घातली की ९६ + ३१ = १२७. बाकी ० च्या जागी १२७ उभी राहते, म्हणजे सगळे बिट १. दोन्हींचा अर्थ एकच आहे, पण प्रोग्राम ० शोधत होता. धन संख्येची घडी कधीच ० होऊ शकत नाही, त्यामुळे आधी २ वजा करून मग घडी घातली की हा प्रकार प्रत्येक मूळ म(प) च्या बाबतीत होणारच.

दुरुस्ती अशी : आधी वर्गाची घडी घालायची आणि मगच २ वजा करायचे. १२३२१ = ९६ × १२८ + ३३, बेरीज १२९, पुन्हा घडी घालून २, आणि २ − २ = ०. घडीनंतर संख्या २ पेक्षा लहान असेल तर वजाबाकीपूर्वी तीत म(प) मिळवायचे. शिवाय ‘सगळे बिट १’ म्हणजे शून्य, अशी ओळही जोडली.

१३ जुलै

आता ३, ५, ७, १३, १७, १९, ३१ आणि ६१ बरोबर आले. ६१ पाहून समाधान वाटले. म(प) मूळ येते अशा घातांकांची जी यादी मर्सेन या फ्रेंच विद्वानाने १६४४ मध्ये दिली, तीत ६१ नव्हता आणि इव्हान पेर्वुशिन या रशियन धर्मगुरूने १८८३ मध्ये म(६१) मूळ असल्याचे दाखवले. पण ८९, १०७ आणि १२७ या तिन्हींना प्रोग्राम संयुक्त म्हणत होता.

यावर आठवड्याचा मोठा भाग गेला. संख्या ३२ बिटांच्या तुकड्यांत साठवली होती. दोन तुकड्यांचा गुणाकार ६४ बिटांत मावतो, पण वर्ग करताना वेगवेगळ्या तुकड्यांचा गुणाकार दुप्पट घ्यावा लागतो, आणि दुप्पट केला की वरचा एक बिट निःशब्दपणे गळून पडतो. ६१ पर्यंत दोनच तुकडे असतात आणि वरचा तुकडा पुरता भरलेला नसतो, म्हणून तिथे दोष दिसला नाही. तिसरा तुकडा आला की दिसतो.

यातला खरा धोका वेगळाच आहे. सदोष प्रोग्राम म(६७) ला संयुक्त म्हणत होता आणि म(६७) खरोखरच संयुक्त आहे. मर्सेनने तिला मूळ मानले होते, पण १९०३ मध्ये फ्रँक कोलने १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव मांडले. म्हणजे निकाल बरोबर आणि आकडेमोड पूर्ण चुकीची. कारण सरळ आहे : चुकलेली आकडेमोड जवळजवळ नेहमीच शून्येतर बाकी देते. म्हणून या कसोटीत शून्य हा भक्कम पुरावा आहे, पण ‘शून्य नाही’ या उत्तरावर बाकीचे अंक जुळल्याशिवाय विसंबता येत नाही. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने हो–नाही न छापता शेवटची पूर्ण बाकी छापावी.

दुरुस्तीसाठी तुकडे २६ बिटांचे केले. १२७ स्वतः मूळ असल्याने सारखे तुकडे पडतच नाहीत. २६ बिटांचे चार आणि वरचा २३ बिटांचा, असे पाच होतात. दुप्पट गुणाकार ५३ बिटांत राहतो, पाच गुणाकारांची बेरीजही ६४ च्या खूप आत राहते, आणि हातचा शेवटी एकदाच फिरवता येतो.

२० जुलै

३ ते १२७ मधील सर्व ३० विषम मूळ घातांक चालवले. ११ ठिकाणी शून्य आले : ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६१, ८९, १०७, १२७. उरलेल्या १९ घातांकांच्या पूर्ण बाक्या पायथनच्या बाक्यांशी अंकन् अंक जुळल्या. म(१२७) चे सगळे १२५ वर्ग डोळ्याची पापणी लवण्याआधी झाले.

आणखी एक पडताळा जोडला. पहिल्या पायरीपासून पुढे प्रत्येक बाकीत २ मिळवले की आधीच्या बाकीचा वर्ग मिळतो. त्यामुळे ‘बाकी वजा २’ या संख्येचे याकोबी चिन्ह (संख्या एखाद्या वर्गाची बाकी असू शकते का, याचा इशारा देणारे +१ किंवा −१) पहिल्या पायरीनंतर कायम −१ राहते. मध्येच कुठे आकडेमोड बिघडली तर निम्म्या वेळा हे चिन्ह +१ होते आणि मग शेवटपर्यंत तसेच राहते, म्हणून ते शेवटी एकदा तपासले तरी पुरते. १३ जुलैच्या आधीच्या सदोष आवृत्तीवर हा पडताळा लावून पाहिला असता तिचे काही चुकीचे निकाल त्यात अडकले. दुरुस्त आवृत्तीत सर्वत्र −१ आले.

२ ऑगस्ट

दुसरा मार्ग : प्रमाणपत्र. येथे म(१२७) ला न म्हणतो. न − १ = २ × (२^६३ − १) × (२^६३ + १). दोन्ही कंसांचे अवयव पूर्णपणे सुटतात आणि गुणाकार करून कोणीही तपासू शकतो :

२^६३ − १ = ७ × ७ × ७३ × १२७ × ३३७ × ९२७३७ × ६४९६५७

२^६३ + १ = ३ × ३ × ३ × १९ × ४३ × ५४१९ × ७७१५८६७३९२९

आधी हे सगळे मूळ अवयव वापरून २ या पायाने सिद्धता करण्याचा विचार होता, पण तो चालत नाही. २ चा १२७ वा घातच १ होतो, त्यामुळे न − १ ला १२७ सोडून कोणत्याही मूळ अवयवाने भागले तरी उरलेल्या घातांकात १२७ शिल्लक असतो आणि बाकी १ च येते. २ हा पाया फक्त १२७ या एकाच अवयवासाठी उपयोगी ठरतो, कारण न − १ मध्ये १२७ एकदाच आहे. जूनमधल्या फर्मा चाचणीत दिसलेलीच अडचण इथे वेगळ्या रूपात समोर आली.

९ ऑगस्ट

हेन्री पॉकलिंग्टनच्या १९१४ च्या निकषामुळे काम बरेच हलके झाले. न − १ चा जो भाग अवयवांसकट माहीत आहे तो न च्या वर्गमुळापेक्षा मोठा असेल तर तेवढाच भाग पुरतो. ७७१५८६७३९२९ × ६४९६५७ × ५४१९ हा गुणाकार सुमारे २.७ × १०^२० आहे आणि वर्गमूळ १.३ × १०^१९. म्हणजे सगळ्या अवयवांऐवजी तीनच पुरेत.

या तिघांपैकी प्रत्येकासाठी असा पाया अ हवा की अ चा न − १ वा घात १ यावा, आणि न − १ ला त्या अवयवाने भागून आलेल्या घातातून १ वजा केल्यावर जी संख्या उरते तिचा न शी मसावि १ असावा. प्रत्येक अवयवाला वेगळा पाया चालतो, हे लक्षात ठेवावे. एकच पाया सर्वांना लागू करण्याच्या हट्टात वेळ जातो. ३ पासून सुरुवात करून लहान मूळ संख्या क्रमाने लावल्या आणि जी उतरली ती त्या अवयवापुढे लिहिली.

पाया ३ चा एक पडताळा हाताने होतो. म(१२७) ला ३ ने भागून बाकी १ आणि ४ ने भागून बाकी ३ राहते. न मूळ असेल तर वर्गशेषांच्या व्युत्क्रम नियमानुसार ३ हा वर्गशेष (एखाद्या वर्गाला न ने भागून उरणारी बाकी) असू शकत नाही आणि ३ चा (न − १)/२ वा घात न − १ यायला हवा. प्रोग्रामने तेच दिले.

उरते ते तीन अवयव स्वतः मूळ असल्याचे दाखवणे. ५४१९ साठी ७३ पर्यंत, ६४९६५७ साठी ८०६ पर्यंत आणि ७७१५८६७३९२९ साठी २७७७७४ पर्यंत भागाकार पुरतात. पहिले दोन वहीत केले, तिसरा प्रोग्रामने. प्रमाणपत्र एका पानात मावले : न, तीन अवयव, तीन पाये आणि भागाकारांच्या मर्यादा. ते तपासायला ल्युका–लेहमर कसोटी माहीत असण्याचीही गरज नाही.

१७ ऑगस्ट

छापील प्रतीत मूळ संख्या, कसोटीची शेवटची दहा पावले, १९ संयुक्त घातांकांच्या पूर्ण बाक्या आणि प्रमाणपत्र एवढे ठेवले आहे. सोबत २^१२६ × म(१२७) ही ७७ अंकी परिपूर्ण संख्याही (स्वतःहून लहान असलेल्या आपल्या सर्व भाजकांच्या बेरजेइतकी संख्या) दिली, कारण म(प) मूळ ठरली की ती आपोआप मिळते. २, ३, ७, १२७, म(१२७) या साखळीत प्रत्येक संख्या आधीच्या संख्येला घातांक करून आली आहे आणि पाचही मूळ आहेत. पुढची कडी या पद्धतीने तपासण्याचा प्रश्नच येत नाही. तिच्यात सुमारे ५.१ × १०^३७ अंक आहेत.

पुढचे काम म(५२१), जी राफेल रॉबिन्सनच्या प्रोग्रामने ३० जानेवारी १९५२ रोजी एसडब्ल्यूएसी या यंत्रावर सापडली. प्रोग्राम तोच चालेल, पण २६ बिटांचे वीस तुकडे ५२० बिटांवर संपतात आणि एकविसाव्या तुकड्यात एकच बिट उरतो, त्यामुळे घडी घालण्याची ओळ तिथे वेगळी तपासावी लागेल. २७ बिटांचे तुकडे घेतले तर एकोणीस पूर्ण आणि वरचा ८ बिटांचा असे वीस होतात आणि बेरजाही ६४ बिटांत राहतात. म्हणून पुढच्या आवृत्तीत २७ घेत आहे.